बालवर्गाची खुर्ची

शाळा दाखवून झाल्यावर लेकीच्या प्रवेशाच्या मुलाखतीला आम्हाला बालवर्गातच बसवलं, मुलांच्या बुटक्या, हात असलेल्या खुर्च्यांवर. माझे गुडघे छातीला लागले. सातवीतून शाळा सोडून मी सोनं गाळायच्या कामाला गावाहून इतक्या लांब कोईमतूरला आलो. त्यानंतर वर्गात बसलो तो आजच. मॅडम इंग्रजी सोडून तमिळ बोलत होत्या, एवढ्यावरच मी मनात त्यांचे आभार मानत होतो.

पण आमची सुमी तोंड उघडेना. हत्तीचं चित्र झालं, सफरचंदाचं झालं. बायको माझ्याकडे बघायला लागली, जसं काही उत्तर मलाच यायला पाहिजे. मी फरशीकडे बघत राहिलो. गुरुजींसमोर असाच बघायचो. शाळा कधीच मागे पडते, पण ती मान खाली घालायची सवय माणसाला सोडत नाही.

तेवढ्यात घंटा झाली आणि मी ताडकन उभा राहिलो. खुर्चीही कमरेला अडकून माझ्याबरोबर उठली. काढायला जावं तर ती आणखीच घट्ट बसे.

"पप्पा, बाईंनी कुठं उठायला सांगितलंय?" सुमी म्हणाली. मग तिनेच खुर्ची धरून खाली ओढली. "हात वर करा."

मी हात वर केले. खुर्ची निघाली.

"काय झालं गं?" मॅडमनी तमिळमध्ये विचारलं, आणि सुमी तमिळमध्येच सगळं सांगायला लागली.

मी गुपचूप त्याच खुर्चीत परत बसलो. ती बोलतेय तोवर अडकून राहायला माझी काही हरकत नव्हती.