बारा दिवसांच्या बाईंचा फोटो

माझी लेक बारा दिवसांची होती तेव्हा तिच्या फोटोंसाठी आमच्या भिलाईच्या क्वार्टरमध्ये जेवढी धावपळ झाली, तेवढी माझ्या लग्नातही झाली नव्हती.

बाळंतपणाला मी माहेरी आले होते. फोटोंची हौस माझ्या नवऱ्याची. त्याने दुर्गला पद्मनाभपुरात राहणारी एक फोटोग्राफर मुलगी शोधली. ती घरी येऊन फक्त तान्ह्या बाळांचे फोटो काढायची. फोनवर ती म्हणाली, दोन आठवड्यांच्या आत काढा, नंतर बाळं पाय ताणतात, मुटकुळं करून झोपत नाहीत.

आईने हे ऐकलं मात्र! "सव्वा महिन्याच्या आत फोटो? कावून? पोरगी का पळून चालली?"

"काढू दे," बाबा म्हणाले. बाबा स्टील प्लँटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर. घरात कमीच बोलतात. "नजर लागन म्हणतेस, तर तीट लाव."

मग आईने अट घातली. तीट राहणारच, आणि चांगली ठसठशीत.

फोटोग्राफरच्या सूचना आल्या: खिडकीचा उजेड हवा, खोली उबदार हवी, सगळ्यांचे कपडे फिक्या रंगाचे हवेत. आता आमच्या बाहेरच्या खोलीला मोठी खिडकी एकच, आणि जानेवारी आला तरी तिच्यात पोत्यात गुंडाळलेला कूलर. शनिवारी नवरा दुर्गजवळच्या रसमड्याच्या कारखान्यातून ड्युटी करून आला तो थेट कूलरलाच भिडला. तो बाहेरून ओढत होता, बाबा आतून ढकलत होते. सासरे-जावई असल्यामुळे दोघांनाही एकमेकांवर ओरडायची सोय नव्हती.

"बाबा, जरा थांबता का?"

"थांबतो ना. तुम्ही धरलं ना तिकून?"

"नाही धरलं अजून."

तोवर कूलर आईच्या पुदिन्यात जाऊन बसला होता. जावयासमोर काय बोलणार? आईने पदर तोंडावर धरला आणि आत निघून गेली. स्वयंपाकघरातून बराच वेळ तिचं हसू ऐकू येत होतं.

रविवारी सकाळी खोलीत उजेड आला आणि पहिल्यांदाच भिंतीचे डाग दिसले. त्यांच्यावर पांढरी चादर ठोकली. फोटोग्राफर आली, टोपली मांडली, लोकर अंथरली आणि म्हणाली, "कमरा थोड़ा ठंडा है।"

"गरमीचं माझ्यावर सोड," बाबा म्हणाले. "तीस वर्षं भट्टीवर काढले मी."

त्यांनी हीटर लावला, दारांच्या फटींत टॉवेल कोंबले आणि मधूनमधून हात हवेत धरून अंदाज घेऊ लागले. अर्ध्या तासात आम्ही घामाने निथळलो. माझी पावडर गळ्यापर्यंत आली. फोटोग्राफरने जॅकेट काढलं. मजेत होती एकटी लेक, आणि ती टक्क जागी. आईने तिच्या कपाळावर तीट लावली. फोटोग्राफर म्हणाली, "आंटी, कोई बात नहीं, कंप्यूटर में हटा दूँगी।"

"हटवू नको बाई," आई म्हणाली. "कंप्युटरमधून काढली, तर नजर कंप्युटरमधूनच लागन."

मी तीनदा पाजलं. आईने अंगाई म्हटली. नवऱ्याने खांद्यावर घेतलं तर आमच्या बारा दिवसांच्या बाईंनी त्याचा नवाकोरा क्रीम कुडता भिजवला. तो कपडे बदलायला पळाला, मी तोंड धुवायला गेले, आई दुपटं आणायला. फोटोग्राफरच्या हातात लेक उरली. तिला लेन्स बदलायची होती. "अंकल, ज़रा पकड़िए," म्हणत तिने लेक सरळ बाबांच्या हातात दिली.

तिला काय माहीत, बारा दिवसांत बाबांनी नातीला एकदाही उचललं नव्हतं. "माझे हात खरबडे, तिले टोचतीन," म्हणत ते दुरूनच पाहायचे. आईने चिडवून पाहिलं, मी रागावून पाहिलं, पण त्यांनी ऐकलं नव्हतं.

मी परत आले तेव्हा बाबा खुर्चीत ताठ बसले होते. श्वाससुद्धा जपून घेत होते. लेकीने त्यांच्या जुन्या तपकिरी स्वेटरला गाल लावला होता, एक मूठ त्यांच्या अंगठ्याभोवती आवळली होती आणि ती गाढ झोपली होती.

आम्ही सगळे दारातच थांबलो. कॅमेऱ्याचा तेवढा आवाज येत होता.

"आता टोपलीत ठेवूया?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"कोणी हात लावू नका," बाबा ओठ न हलवता म्हणाले.

टोपली तशीच राहिली. बाबा उठेनात, म्हणून आम्हीच त्यांच्याभोवती उभे राहिलो. मी आणि आई क्रीममध्ये, नवरा बाबांच्या निळ्या शर्टात. तेवढ्यात गरमीने बाबांनाही डुलकी लागली. "तोंड मिटा, अहो, तोंड!" आई हसऱ्या चेहऱ्याने दातांतून पुटपुटत होती. सगळे फोटो तसेच आले. आईचा ओठ वाकडा, बाबांचं तोंड उघडं.

फोटोग्राफर सामान घेऊन गेली. आईने चहा आणला तर बाबांनी फक्त डोळ्यांनीच नको म्हटलं.

"किती वेळ बसान असे?"

"तिची झोप होईस्तोवर."

मी म्हटलं, दोन मिनिटं पाठ टेकते. जाग आली तेव्हा बाहेर संध्याकाळ झाली होती. बारा दिवसांत पहिल्यांदाच मी सलग चार तास झोपले होते, काजळ-पावडरीसकट.