वायरमनच्या घरातला सिनेमा

लाईट गेली की त्या गावात आधी माझ्या आईचा उद्धार व्हायचा, मग कंदील शोधले जायचे. आई बिचारी तिकडं सेनगाव तालुक्यात, साखऱ्याजवळच्या आमच्या तांड्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली असायची. कळमनुरी तालुक्यातलं एक अख्खं गाव रोज संध्याकाळी आपली आठवण काढतं, हे तिला कधी कळलं नाही.

मी त्या गावात वायरमन होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नोकरी लागली तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथं दोन-चार माणसं चांगली होती आणि बाकीच्यांना प्रसिद्धी द्यायची माझी इच्छा नाही.

गावाला वाटायचं, लाईट माझ्या खिशात असते. मनात आलं की मी ती बाहेर काढतो, मनात आलं की परत ठेवतो. खरं तर माझ्या खिशात पक्कड, फ्यूजच्या तारेचं भेंडोळं आणि तंबाखूची पुडी एवढंच असायचं. सकाळी सायकलीला दोर बांधून निघायचं. कुणाच्या मळ्यात तार लोंबलेली, कुठं चिमणीनं घरटं बांधलेलं, कुठं डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडालेला. फ्यूज उडायचा कारण अर्ध्या गावानं तारांवर आकडे टाकलेले. चोरून लाईट घ्यायची ती घ्यायचीच, वर फ्यूज उडाला की माझ्या दारात येऊन म्हणायचं, "तांड्यावरचं पोरगं खांबावर काय चढलं, गावाच्या डोक्यावर बसलं." मी खांबावर असताना खालून कुणी असं बोललं की खाली उतरून त्याची मान धरावी वाटायचं. पण तारेपाशी राग कामाचा नसतो. मी राग गिळून उतरायचो आणि तो पोटात घेऊन पुढच्या खांबाकडं जायचो.

संध्याकाळी मात्र मला सिनेमा लागायचा. तोही जुना, काळा-पांढरा. ही सवय हिंगोलीला शिकायला होतो तेव्हा लागली. तिथल्या टॉकीजला दुपारच्या खेळाला जुने सिनेमे लावायचे, तिकीट कमी असायचं. त्या सिनेमांतली माणसं बोलताना मधेच थांबायची, समोरच्याचं ऐकून घ्यायची. माझ्याशी दिवसभरात कुणीच तसं बोलत नसे. म्हणून लग्नानंतर पहिली वस्तू घेतली ती ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, बॅटरीवरही चालणारा. बायकोला मालिका आवडायच्या, मला जुने सिनेमे. दोघं भाकरीची ताटं मांडीवर घेऊन टीव्हीपुढं बसायचो. दिवसातला तेवढाच वेळ आमचा होता.

त्या गावात पिठाच्या चक्कीचा एक मालक होता. सगळे त्याला अण्णा म्हणायचे, मीही म्हणायचो. चक्कीच्या मागच्या खांबावर त्याचा जाडजूड आकडा होता. आदल्या वर्षी डीपी जळाली तेव्हा गाव कित्येक दिवस अंधारात होतं, म्हणून सगळे आकडे काढा असा वीज मंडळाच्या साहेबांचा आदेश आला. एका रविवारी सकाळी मी आकडे काढत काढत चक्कीपाशी पोचलो. अण्णा खाली येऊन उभा राहिला.

"काहून काढून राहिला रे?"

"साहेबांचा आदेश हाय, अण्णा. सगळ्यांचेच काढून राहिलो."

"साहेब नांदेडला राहतो," तो म्हणाला. "तू इथं राहतो. एवढं ध्यानात ठेव."

मी आकडा काढला, गुंडाळला आणि सायकलीला अडकवला. त्याच्या डोळ्यांसमोर. मला बरं वाटलं.

त्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर एक जुना सिनेमा होता. मी आंघोळ करून बसलो. बायकोनं पिठलं केलं होतं. सिनेमात एका वकिलाची बायको घर सोडून निघालेली, पिशवी हातात घेऊन उंबऱ्यावर थांबलेली, आणि तो कागदातून मान वर करत नव्हता. तेवढ्यात लाईट गेली. वरूनच बंद, भारनियमन. माझ्या हातात काही नव्हतं. पण माझ्याकडं मेव्हण्याच्या ट्रॅक्टरची जुनी बॅटरी होती. बाजाराच्या दिवशी कळमनुरीला नेऊन ती चार्ज करून आणायचो. मी तिला वायर जोडली. पडदा उजळला तेव्हा ती बाई अजून उंबऱ्यावरच होती.

आम्ही घास तोंडाजवळ नेतोय तोवर बाहेर गलका झाला. सगळ्या गावात अंधार, आणि आमच्या खिडकीतून सिनेमातलं गाणं बाहेर चाललेलं. अण्णा पुढं, मागं पंधरा-वीस माणसं.

"बघा!" तो ओरडला. "गावाला अंधार अन् वायरमनच्या घरात पिक्चर! बटन दाबून आपली लाईट चालू ठेवून राहिला!"

"बॅटरी हाय ती," मी म्हटलं. "आत या. वायर कुठं जाती ते डोळ्यानं बघा."

कुणीही आत बघायला आलं नाही. आत आले ते टीव्ही उचलायला. एकजण पत्र्यावर चढला आणि अँटेना वाकवून खाली ओढली. मी अण्णाचा दंड धरला, तर दोघांनी मला भिंतीला दाबलं. त्यानं टीव्ही उचलला, ओट्यावर नेला आणि खाली टाकला. काच फुटल्याचा आवाज फटाक्यासारखा झाला. बायको हातातलं ताट तसंच धरून दारात उभी होती. तिनं आमच्या बोलीत त्याला एक शिवी दिली. ती त्या गर्दीत फक्त मला कळली, आणि ती त्याला लागू पडत होती.

पुढं काय झालं असतं सांगता येत नाही, कारण तेवढ्यात लाईट आली. गल्लीतला दिवा लागला. "आली! आली!" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळे पळाले. घरी पळाले, उरलेला सिनेमा बघायला. मला दाबून धरणारे दोघे पण पळाले. अण्णा तेवढा चालत गेला, सावकाश, धोतराचा सोगा सावरत.

आम्ही दोघं दिव्याच्या उजेडात बसलो. चारी बाजूंच्या घरांतून तोच सिनेमा ऐकू येत होता. आगगाडीची शिट्टी वाजली, मग कुणीतरी बाई रडली, मग सनई. ती बाई आनंदानं रडत होती का दुःखानं, ते आवाजावरून कळेना. "बंद कर खिडकी," बायको म्हणाली. मी खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी कळमनुरीच्या ठाण्यात गेलो. जमादार म्हणाला, "गावात राहायचं ना तुमाला? मग समजुतीनं घ्या." मंडळाच्या ऑफिसात गेलो तर आमचे साहेब म्हणाले, "गावाशी वैर बरं नाही." वैर मी धरलं नव्हतं, पण आता धरलं. तोवर लोक भल्या पहाटे उठवायचे तरी मी फ्यूज टाकायला जात असे. ते बंद केलं. ड्युटीच्या वेळेत बराबर हजर, त्यापुढं दार बंद. गावानंही दूध द्यायचं बंद केलं. बायको दळण चार मैलांवरच्या दुसऱ्या गावाला नेऊ लागली, डोक्यावर. तिला एवढी तकलीफ कशाला म्हणून मी एकदा बोललो, तर म्हणाली, "त्याच्या चक्कीचं पीठ माझ्या घशाखाली उतरत न्हाई."

दोन उन्हाळे असेच गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी वादळ झालं आणि अण्णाच्या गोठ्यावर तार तुटून पडली. आरडाओरडा ऐकून मी सायकल टाकून पळत गेलो. गोठ्याच्या पत्र्यांत करंट उतरलेला, खाली चिखल, आणि अण्णाची दुभती म्हैस आडवी पडून पाय झाडत होती. अण्णा तिचं दावं सोडवायला धावत निघाला होता. मी ओरडलो, "हात लावू नका!" त्यानं ऐकलं नाही. माझं म्हणून तर मुळीच ऐकलं नाही. तो दाव्याला हात घालणार एवढ्यात मी आडवा जाऊन त्याच्या कमरेत लाथ घातली. तो गोठ्याबाहेरच्या चिखलात तोंडावर पडला. मग मी पळत जाऊन डीपीवरून लाईन बंद केली. म्हैस तोवर गेली होती.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की वायरमननं अण्णाला लाथ मारली. तार कुणाला दिसली नाही, म्हैस कुणाला दिसली नाही, लाथ तेवढी सगळ्यांना दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतः दारात आला. कमरेला हात लावून उभा होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. माणूस मरता मरता वाचला आहे, एखादा शब्द तरी येईल.

"हातानं ढकलता आलं असतं," तो म्हणाला.

"आलं असतं," मी म्हटलं.

त्याची नजर आत गेली. टीव्हीच्या जागी आम्ही धान्याची कोठी ठेवली होती, तिच्याकडं त्यानं पाहिलं. मग कमरेला हात लावूनच माघारी गेला. त्या लाथेचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तो जिवंत राहिला, ते माझं काम होतं. लाथेत जो जोर होता, तो माझा स्वतःचा.

पुढं माझी हिंगोलीला बदली झाली. टेम्पोत सामान भरून चक्कीसमोरून गेलो, तर तो पोत्यावर बसला होता. त्यानंही हात वर केला नाही, मीही केला नाही.

दोन हजारनंतर रंगीत टीव्ही घेतला, केबल आली. जुने सिनेमे दिवसभर लागायला लागले. मी ड्युटीवरून आलो की पाय धुवून समोर बसायचो. एका संध्याकाळी शेजारच्या क्वार्टरमधले मास्तर दारात आले. त्यांच्याकडची केबल बंद पडली होती.

"जुना पिक्चर लागलाय म्हणं," ते म्हणाले. "बसू का जरा?"

"न्हाई," मी म्हटलं. तोंडातून तेच निघालं.

मास्तर ओशाळून मागं सरले. बायकोनं माझ्याकडं पाहिलं, उठली आणि भिंतीकडेची सतरंजी अंथरली. "या भाऊजी, बसा," ती म्हणाली. मास्तर अवघडून एका कडेला बसले. सिनेमा संपेपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. मधे बायकोनं चहा आणला, तेव्हा त्यांचा कप तेवढा मी पुढं सरकवला.