खिशातली बस

मंदाताई गेल्याचं त्यांच्या धाकट्या भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी शाळेच्या फळ्यासाठी एक सूचना लिहीत होतो. "सर, ताई गेली. शाळेतून आली, खुर्चीत बसली, आणि..." मस्कतहून निरोप यायला एक दिवस लागला होता. सूचना मी पूर्ण केली. दुसरं काय करावं ते सुचलं नाही. याला आता दीड महिना होईल.

लखनौच्या निशातगंजात आमची शाळा. मंदाताई बालवर्गाला शिकवत, मी वरच्या वर्गांना इतिहास. इंदिरा नगरात दोघांची घरं एकाच गल्लीत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, यजमान गेल्यानंतर, पन्नाशीला टेकलेल्या मंदाताई मस्कतच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत चार-पाच वर्षांच्या मुलांना शिकवायला निघाल्या. "आंतरराष्ट्रीय म्हणजे नेमकं काय हो?" मी खवचटपणे विचारलं. "म्हणजे मुलं अकरा भाषांत रडतात," त्या म्हणाल्या. "रडणं मला कळतं, सर."

पहिल्याच पत्रात मागणी आली: चौक बाजारातून चिकनकामाचे, म्हणजे आपल्या लखनवी भरतकामाचे, रुमाल. प्रत्येकावर वेगळं चित्र... हत्ती, पतंग, होडी. दप्तराच्या खुंटीवरही तेच चित्र, म्हणजे अक्षर न येणाऱ्याला आपली जागा सापडते. रंग नको, पांढऱ्यावर पांढरंच. "आईची आठवण आली की खिशात हात घालून चित्र बोटाने शोधता आलं पाहिजे. कुणाला दिसत नाही, लाज वाटत नाही." मग दर जुलैत मी चौकातल्या एका म्हाताऱ्या भरतकामवालीकडे जाऊ लागलो. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. वेलबुट्टीत आयुष्य गेलेल्या खालाने बसचं चित्र पाहून चष्मा काढला. "मास्टर साहब, चिकन में बस कौन बनाता है?" "बना दीजिए, खाला. बच्चों के लिए है." तिने बनवली. चाकांच्या जागी तांदळाच्या दाण्यांएवढ्या गाठी.

गेल्या वर्षी आमच्या शाळेचा रौप्यमहोत्सव आला. मंत्री येणार होते. हारतुऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली, पण स्वागताचं भाषण मलाच लिहायला सांगितलं तेव्हा... खरं सांगतो, सुखावलो. तीन खर्डे केले. रुमालांना महिना लागतो हे माहीत असून चौकात गेलो नाही. मंत्रीही आले नाहीत. भाषण त्यांच्या सचिवासमोर वाचलं गेलं. मंदाताईंना कळवलं, पुढच्या वर्षी नक्की.

उत्तर आलं: "काही बिघडलं नाही, कागदी चित्रं चिकटवली. एक मुलगी मात्र रोज रिकामा खिसा चाचपते. मागे तिच्या भावाकडे होडी होती. तिला वाटतं, आपलं चित्र आपणच हरवलं."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्याच दिवशी चौक गाठला. खालाच्या हातात लग्नसराईचं काम होतं. बावीस रुमाल होईपर्यंत मार्च उजाडला. "पाठवू नका, सुट्टीत येईन तेव्हा मीच नेईन," त्यांनी लिहिलं. "आणि बसचा एक जास्त करून घ्या, तुमच्यासाठी. समारंभांत उपयोगी पडेल."

त्या गेल्या तेव्हा सुट्टीला पंधरा दिवस उरले होते.

बावीस रुमाल मी त्यांच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवले. होडी कुणाला द्यायची ते चिठ्ठीत लिहिलं. पोचल्याचं अजून कळलेलं नाही. तेविसावा माझ्याकडे आहे. समारंभात भाषण लांबलं की हात खिशात जातो. बोटाला आधी चाकं लागतात. मग ती मुलगी आठवते, आणि हात बाहेर काढवत नाही.