ट्रायलचा फेरा

अहमदपूरच्या एसटी स्टँडामागं माझी मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना ‘फ्री’ हा एक इंग्रजी शब्द सगळीकडं पुरतो. चाक न अडकता फिरलं की फ्री, रस्ता मोकळा असला की फ्री, मनात अढी न ठेवणारा माणूसही फ्री. त्यांची बायको वारल्यावर मला म्हणाले, "घर लई फ्री झालं, सर." मी गाडी कधी मिळेल ते विचारलं. ते अजून बोचतं.

दुरुस्तीनंतर गिऱ्हाइकाला मागं बसवून ट्रायल मारायची त्यांची रीत. पूर्वी ते मार्केट यार्डापासूनच वळायचे. आता पार शेतं लागेपर्यंत नेतात आणि वाटभर बोलत राहतात. त्याला कंटाळून बरीच गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली.

काल मी गाडी नेली. "जड चालायलीय," म्हणालो.

त्यांनी चाक फिरवलं, मग माझ्याकडं पाहिलं. "न्हाई सर, फ्री हाय की."

"तरी ट्रायल मारून बघू."

त्यांनी हात पुसले, शटर अर्धं ओढलं. "तुम्ही फ्री हाव का पण?"

घरी सगळे माझ्यासाठी जेवायचे थांबले होते.

"हाव," म्हणालो आणि मागं बसलो.