खोली क्रमांक चारचा मेन स्विच

आधीच सांगून टाकते, मला राग आलेला आहे आणि दोन वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही. तेव्हा या लिहिण्यात कुठे आवाज चढला तर समजून घ्या.

कर्जतच्या जवळच्या एका कॉलेजात मी शिपाई होते. मला सगळे मावशीच म्हणायचे, प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत. माझी शाळा सातवीतच सुटली. पुढचं जे काय वाचता-लिहिता आलं ते कॉलेजच्या वाचनालयात, कपाटं पुसता पुसता. घंटा द्यायची, चहा करायचा, हजेरीपुस्तकं वर्गावर पोचवायची, ही माझी कामं. आणि एक काम मी स्वतःहून अंगावर घेतलेलं. तास संपून वर्ग रिकामा झाला की दाराशेजारचा मेन स्विच खाली ओढायचा. पोरं पंखे चालू टाकून पळतात, प्राध्यापकांना घाई असते. आमच्या कोंडाण्याकडच्या पाड्यावर वीज आली तेव्हा मी चांगली कळती होते. माणूस नसलेल्या खोलीत पंखा फिरताना दिसला की अजून जीव तुटतो. वीज वाचवते म्हणून एका प्रजासत्ताक दिनाला मला शाल आणि श्रीफळही मिळालं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तर त्या वर्षी विद्यापीठाकडून आदेश आला की प्राध्यापकांनी आपले तास रेकॉर्ड करून साइटवर चढवायचे. कल्पना चांगली होती, तिच्यावर माझा राग नाही. आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात असतो. वाडीवरच्या मुली तर धाकट्या भावंडांपायी आठ-आठ दिवस येत नाहीत. त्यांना घरी बसून तास ऐकता आला तर कुणाला नको आहे?

पण यंत्र आलं ते कसं, ते ऐका. एकाच वर्गात, खोली क्रमांक चारमध्ये: मागच्या भिंतीवर कॅमेरा, टेबलाखाली कुलूप लावलेली पेटी, आणि सोबत इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक. शिकवायला कंपनीचा माणूस तीनदा आला. तिन्ही वेळा मी बाहेर चहा घेऊन उभी. तो सांगायचा: आधी नाव टाका, मग पासवर्ड, मग मोबाइलवर आकडे येतील ते टाका, मग विषय निवडा, मग खोली निवडा, मग माइकची बॅटरी बघा. आता या खोलीत मोबाइलला रेंज नाही. आकडे घ्यायला जिन्यापर्यंत जावं लागतं. आमचे फिजिक्सचे सर, निवृत्तीला आलेले, गुडघे दुखतात, ते जिन्यावर जाऊन आकडे बघायचे आणि परत येईपर्यंत त्या आकड्यांची मुदत संपलेली असायची. तिसऱ्या फेरीनंतर ते मला म्हणाले, "मावशी, मी शिकवायला येतो की टपाल वाटायला?"

मी हसले तेव्हा. आता हसू येत नाही. पंचेचाळीस मिनिटांचा तास, त्यातली पहिली पंधरा मिनिटं पोरांसमोर त्या पेटीपुढे वाकून घालवायची. ज्याने आयुष्यभर फळ्यावर खडू चालवला त्याला पोरांदेखत अडाणी ठरवणारं यंत्र बनवतं तरी कोण? माझ्या घरचा कुकरसुद्धा माझ्याशी याहून मानाने वागतो.

यात सगळ्यात जास्त अडकल्या त्या भूगोलाच्या मॅडम. साजगावहून स्कूटीवर यायच्या. नोकरी तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी जूनमध्ये नव्याने बोलावणं आलं तरच काम. असं सहा वर्षं चाललेलं. प्राचार्यांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं: एप्रिलअखेर पंधरा तास साइटवर दिसले नाहीत तर जूनमध्ये बोलावणं येणार नाही. बाकीच्यांची नोकरी कायम होती, त्यांना नुसती तंबी. मॅडमना मात्र सरळ घरचा रस्ता.

आणि मॅडम एकही पायरी चुकवत नव्हत्या. वहीत सगळं मराठीत लिहून घेतलेलं. आकड्यांसाठी जिन्याकडे पळायच्या, पळत परत यायच्या, शिकवायच्या, शेवटी बटण दाबून पेटीला कुलूप लावून जायच्या. तरी साइटवर काहीच नाही. बाकीच्यांचे तास, रडतखडत का होईना, दिसत होते. फक्त यांच्या नावापुढे कोरं. मार्चमध्ये प्राचार्यांनी मेमो दिला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, बटण दाबण्यावर पण पीएचडी करायची आहे का?" दोघे-तिघे हसले. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं की बाईंचं काहीतरी चुकत असणार. त्या वही उचलून तासाला गेल्या. चहाही घेतला नाही.

मग एका मंगळवारी मी भाचीच्या हळदीला खालापूरला गेले. बुधवारी आले तर मॅडम मला जिन्यातच भेटल्या, चेहरा फुललेला. म्हणाल्या, "मावशी, कालचा तास चढला. पहिल्यांदाच." मी म्हटलं, बरं झालं बाई. त्या पुढे गेल्या आणि मी तिथेच थांबले. काल मी नव्हते. काल खोली चारचा स्विच कुणी ओढला नव्हता, कारण माझ्याशिवाय तो कुणी ओढतच नाही.

मॅडमचा तास त्या खोलीतला शेवटचा. बाकीच्यांच्या तासानंतर लगेच दुसरा वर्ग यायचा, म्हणून मी स्विचला हात लावत नव्हते. मॅडम बाहेर पडल्या की मी आत. मी त्यांना गाठलं आणि कंपनीच्या माणसाला फोन लावायला सांगितला. तो फोनवर शांतपणे म्हणाला, हो, बटण दाबल्यावर दहा मिनिटं पेटी तास साठवत असते, तेवढ्यात वीज तोडली तर सगळं पुसलं जातं, पुस्तकात दिलंय. कुठल्या पानावर तेही सांगितलं.

पुस्तकात दिलंय! कुणासाठी? स्विच ओढणारी बाई बाहेर चहा घेऊन उभी होती. तीन वेळा. दार ढकलून एकाने तरी विचारलं का, की या खोलीत शेवटी कोण असतं, दिवे कोण बंद करतं? खोली कशी चालते हे न बघता खोलीत यंत्र बसवायचं आणि चुकलं की शिकवणाऱ्याला धरायचं. मला स्वतःचीही लाज वाटत होती. महिनोन् महिने मी या बाईंचे तास रोज माझ्या हाताने पुसत होते, आणि वर वीज वाचवली म्हणून खूश होते.

मी न बोलावता प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मावशी, विद्यापीठाला मी काय कळवू? शिपायाने स्विच बंद केला?"

"हो सर. तेच झालंय, तेच कळवा."

ते म्हणाले, असं कळवता येत नाही, कॉलेज कसं दिसेल. एप्रिल संपायला वेळ आहे, मॅडमनी पंधरा करून द्यावेत.

म्हणजे पुन्हा भुर्दंड मॅडमनाच. बरं. मी भिवपुरीच्या वायरमनला बोलावलं, माझ्या माहेरकडचा, अर्धं आयुष्य खांबावर काढलेला. पेटी बघून म्हणाला, "एवढंच हाय होय गं, आक्का? हिची वायर येगळी काढतो. तू तुझा स्विच वड किती वडायचा त्यो." अर्ध्या तासाचं काम. त्या दिवसापासून वर्गाची वीज गेली तरी पेटी चालू. मॅडमनी कंपनीला पुन्हा फोन करून खनपटीला बसून विचारलं, तेव्हा कळलं की प्रत्येकाचं नाव, पासवर्ड, आकडे, हे सगळं वेळापत्रकासोबत एकदाच भरून ठेवता येतं, रोज करायची गरजच नाही. होत होतं तर आधी का नाही केलं, असं मी फोनमध्ये तोंड घालून विचारलं. तो म्हणाला, कुणी मागितलं नाही. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून पेटीवर चिकटवलं: हिरवं बटण दाबा. शिकवा. तेच बटण दाबून घरी जा. फिजिक्सच्या सरांनी ते वाचलं, बटण दाबलं आणि शिकवायला लागले. जिना नाही, टपाल नाही.

पण मॅडमचे चौदा तास राहिलेच होते आणि पोरं तर परीक्षेच्या सुट्टीवर गेलेली. रिकाम्या बाकांपुढे मॅडमच्या तोंडून शब्द फुटेना. दोनदा सुरू केलं, दोनदा थांबल्या. म्हणून मी जाऊन पहिल्या बाकावर बसले. एप्रिलचं ऊन, पत्रा तापलेला, आणि त्या माझ्याकडे बघून सह्याद्री शिकवत होत्या. खडकाचे थर कसे साचले, आमच्या कोंडाणे लेण्यांचा दगड कुठला. भिवपुरीचं वीजघर मी लहानपणापासून बघत आले, पण ते पाणी घाटावरच्या धरणातलं, पूर्वेकडे जायचं ते वळवून आमच्या बाजूला खाली सोडलेलं, हे मला साठीला आल्यावर कळलं. मी मध्येच विचारलं, "मग ते पाणी वरच्यांचं की आपलं?" मॅडम थांबल्या, हसल्या, आणि पुढची वीस मिनिटं त्याच्यावरच बोलल्या. तो प्रश्न माझ्या आवाजात साइटवर आहे. त्या चौदा तासांचा मेहनताना त्यांना कुणी दिला नाही, कारण कागदोपत्री ते तास आधीच घेऊन झालेले आणि त्यांचे पैसेही दिलेले होते.

एप्रिल संपायच्या आत पंधरा पूर्ण झाले. जूनमध्ये बोलावणं आलं. मॅडमनी पत्र मला दाखवलं, डोळ्यात पाणी होतं. मी पूर्ण वाचलं. खाली एक ओळ होती: प्रशिक्षणानंतर सदर शिक्षिकेच्या तांत्रिक कामात सुधारणा दिसून आली.

मी ते पत्र घेऊन केबिनमध्ये गेले. म्हटलं, ही ओळ खोडा. प्राचार्य म्हणाले, आता बोलावणं मिळालं ना, कशाला उकरून काढता? मॅडम मागोमाग आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मावशी, राहू द्या. पुढच्या जूनला मला परत इथेच यायचंय." पत्र त्यांचं, पोट त्यांचं. मी बाहेर आले.

ती ओळ फाइलीत तशीच आहे. उद्या कुणीही फाइल उघडली तर वाचेल की या बाईंना बटण दाबता येत नव्हतं. मी निवृत्त झाले आहे, मला आता कुणी मेमो देऊ शकत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते: मॅडमना बटण पहिल्या दिवसापासून दाबता येत होतं. स्विच मी ओढत होते, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.