खोळीतला बोर्ड

आमच्या शाळेत डिजिटल बोर्ड आला तेव्हा आम्ही सर्वांत आधी त्याला खोळ शिवली. साक्री तालुक्यातली चौथीपर्यंतची शाळा. बोर्ड लोकवर्गणीतून घेतलेला, त्यामुळे मालकी साऱ्या गावाची आणि जबाबदारी एकट्या माझी. शाळा समितीच्या अध्यक्षांना सगळे नाना म्हणत. त्यांनी नारळ फोडला आणि निघताना बजावलं, "पोरेसले हात लावू देऊ नका, बाई."

खरं तर तो हात लावण्यासाठीच होता. बोटाने लिहायचं, चित्रं सरकवून जोड्या जुळवायच्या, चुकलं की पुसायचं. धुळ्याच्या प्रशिक्षणात हे मी वहीत उतरवून घेतलं होतं, खाली रेघ मारून. पण धुळ्यातच, देवपूरला माझ्या घरच्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. शाळेत मी काय वेगळी वागणार?

साहेब तपासणीला आले की खोळ निघायची. तीन स्वच्छ मुलं मी ठरवून ठेवली होती, त्यांची उत्तरंही पाठ. ती बोर्डाला बोट लावायची, बाकीची बघायची. साहेब शेरा चांगला देत. मला त्यात काही वावगं वाटत नसे, हे कबूल करते.

त्या तिघांत न बसणारी एक मुलगी तिसरीत होती. घरचं शेणपाणी, कांद्याची निंदणी करून ती शाळेत यायची आणि हात तसेच असायचे. तिला बोर्डावर एकदा आपलं नाव लिहायचं होतं, एवढंच. मी म्हटलं, "आधी हात धुऊन ये." ती हापशावर पळाली, धुऊन आली.

"बाई, हात धुई उनू. लिखू?"

ओले हात चालत नाहीत, मी म्हटलं. तिने फ्रॉकला पुसले, तर मी म्हटलं फ्रॉक मळका आहे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मग मी 'उद्या' म्हणायला लागले. ती न चिडता रोज विचारायची आणि मलाच तिचा राग यायचा. चौथीत गेल्यावर तिने विचारणं सोडलं. मला सुटल्यासारखं झालं.

निकालाच्या दिवशी ती वडिलांबरोबर दाखला न्यायला आली. पुढे आश्रमशाळेत जाणार होती. दाखल्यावर सही करताना मला एकदम वाईट वाटलं. मी उठले, खोळ काढली, बोर्ड सुरू केला. वीजही होती.

"ये, लिही तुझं नाव."

ती दारातून हलली नाही. वडील म्हणाले, "जाय ना." तिने मान हलवली. "तुम्हीच लिखा, बाई. मी दखस."

मी लिहिलं. माझं अक्षर वळणदार आहे, तसंच ते बोर्डावर उमटलं. तिने लांबूनच वाचलं, "चांगलं शे" म्हणाली, आणि दोघं निघाली. मला स्वतःची लाज वाटली.

तिचा हात धरून तिला बोर्डापाशी न्यायला हवं होतं, हे मला ती फाटकाबाहेर गेल्यावर सुचलं.