चाकणचे कोरे घोंगडे

नाशिक फाट्यावर चाकणच्या मोटारीची वाट बघत उभा होतो, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला माझा श्वास डोळ्यांनी दिसला. शेजारी कोणी विडी ओढतो आहे असे वाटून मी बाजूला सरकलो, तर धूर माझ्याबरोबरच सरकला. मुंडासे बांधलेला एक माणूस ते पाहत होता. तो हसून म्हणाला, "ह्ये तर काहीच न्हाई, राव. खरी थंडी उद्यापासनं. वारं बगा कुटनं येतंय."

वारे उत्तरेकडून येत होते आणि आभाळ कसे धुतल्यासारखे निळे होते.

ही थंडी काय चीज असते ते देवगडकडच्या माझ्या माणसांना कळावे, म्हणून हे लिहितो आहे. आपल्याकडे हिवाळा म्हणजे पहाटे जरा शिरशिरी आली की उशाचे धोतर अंगावर ओढायचे, आणि उन्हे आली की विसरून जायचे. मी पाचवीत शाळा सोडलेला माणूस, तेव्हा लिहिणे वेडेवाकडे झाले तर सांभाळून घ्यावे.

पिंपरीला नवा कारखाना उभा राहतो आहे, तिथे मी कामाला लागलो. राहायला चिंचवड गावात पारूबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. वर्षभर खानावळीत जेवलो आणि बिऱ्हाड करायचे करायचे म्हणत राहिलो. शेवटी निरोप आला, की माझी बायको शेवंती आणि चार महिन्यांची तान्ही बोटीने मुंबईला निघाल्या आहेत, मेहुणा सोबत आहे, आणि मुंबईहून सकाळच्या गाडीने तिघे चिंचवड स्टेशनावर उतरतील. सासूबाईंनी निरोपाला शेपूट जोडले होते. पावसाळ्यात पोरीची छाती भरली होती, तेव्हा ती तिकडे गारठली असे कळले, तर मेहुणा दोघींना तसाच उलट बोटीत बसवील.

आणि त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलातला रेडिओ बोलला, की उत्तरेकडून थंडीची लाट येते आहे.

मी घाबरलो आणि लगेच कामाला लागलो. काय केले सांगतो, हसू नका. छपरावर चढलो. कौले सारखी केली, फटी बुजवल्या, वळचणीला गोणपाट बांधले. पारूबाई अंगणात शेणी थापत होत्या. बराच वेळ त्यांनी बघून घेतले आणि मग म्हणाल्या, "कोकन्या, वर काय करतुयास?"

"थंडीची तयारी, आजी."

"अरं, थंडी काय पावसागत वरनं पडती व्हय? ती दारातनं येती, भुईतनं येती. उतर खाली!"

आपल्याला एकच तयारी ठाऊक, पावसाची. आजींनी मला भुईवर भाताचा पेंढा हातभर जाड पसरायला लावला, दाराच्या फटींना शेणमातीचा लिंपा दिला, कोपऱ्यात मातीची शेगडी ठेवली. मग माझी पातळ चादर चिमटीत धरून उन्हासमोर केली. पलीकडचा गोठा स्वच्छ दिसला. "हिच्यात तान्ही निजवनार? चाकनच्या बाजारला जा. सनगर (घोंगड्या विणणारे) येत्यात. घोंगडं आन."

म्हणून मी फाट्यावर होतो. गाडी उद्या सकाळी यायची होती.

मोटार भोसरीवरून निघाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शाळू (हिवाळी ज्वारी) छातीइतका उभा होता आणि वाऱ्याने एका बाजूला झुकत होता. आपल्याकडे माड डुलतात तेव्हा वरून सळसळ येते, इथे ती खांद्याशी येते. मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला. पुलाखाली बाया धुणे धूत होत्या आणि पाण्यावर बारीक वाफ तरंगत होती. बाजूच्या माणसाने आपल्या फडक्यातली बाजरीची भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात ठेवली, वर लसणाची चटणी. मी नको नको म्हणालो तर म्हणाला, "खा की! बाजरी म्हंजी पोटातली शेकुटी." डोळ्यांत पाणी आले ते चटणीने, पण अंग खरेच तापले. ओळख नाही, पाळख नाही. या मुलखात मला सारखे असे काही ना काही मिळत आले आहे.

चाकणला उतरलो तो कांद्यात. गाड्याच गाड्या, बैल सोडलेले, आणि कांद्यांचे ढीग असे की पलीकडचा माणूस दिसू नये. वाऱ्याने कांद्याची लाल टरफले उडत होती आणि सगळ्यांच्या मुंडाशांवर बसत होती. भुईकोटाच्या पडक्या तटावर शेळ्या उन्हे खात होत्या. त्या तटाच्या आडोशालाच सणगर बसला होता, पुढे काळ्या घोंगड्यांची चळत.

मी एक उचलून पाहिले. पत्र्यासारखे ताठ! हाताला टोचत होते, आणि मेंढरांचा वास असा की कळपच जवळ बसला आहे.

"हे पांघरायचे?" मी विचारले.

"न्हाई, कपाटात ठिवायचं," सणगर म्हणाला, आणि शेजारचे दोघे हसले. मग त्याला दया आली असावी. "बसा, राव. जावळाच्या, कोकराच्या पयल्या कातरनीच्या लोकरीचं हाय. पाऊस आत येनार न्हाई, थंडी आत येनार न्हाई. तुमी गेल्यावर पोरं पांघरतील."

मी चार महिन्यांच्या पोरीचे सांगितले, तेव्हा त्याने चळतीच्या तळातून एक काढून दिले आणि भावात घासाघीस केली नाही. घडी कशी घालायची, कसर कशी लागू द्यायची नाही, सगळे समजावून सांगितले. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही, कारण ती या मुलखात कोणाला सांगावी लागत नाही.

परतीच्या मोटारीचे चाक इंद्रायणीच्या पुलाजवळ बसले. ड्रायव्हर म्हणाला, "वेळ लागंल, पाय मोकळे करा." ऊन चांगले तापले होते. मी घोंगडे घेऊन नदीवर उतरलो, खडकावर बसलो, आणि त्याच्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात ते आले. आपल्याकडे तान्ह्या मुलाच्या अंगाला कोरे कापड लावतो का कोणी? कोरे कापड आधी पाण्यातून काढायचे. आई, आजी, सगळ्यांनी हेच केले. वेळ आहे, ऊन आहे, पाणी आहे. वास जाईल, मऊ पडेल.

मी घोंगडे नदीत बुडवले.

त्यातून पांढरट, चिकट पाणी सुटू लागले. बघा, किती मळ, असे म्हणून मी आणखी जोरात चोळले. जितके चोळावे तितके सुटत होते. मग ते उचलायला गेलो, तर उचलेना! नुसती लोकर ती, पण सगळी नदी पिऊन बसली होती. मी काठाकडे ओढत होतो आणि ते मला आत ओढत होते, एखादे रेडकू गोठ्यात जायला नको म्हणते तसे. शेवटी मी बसलो, पाण्यातच.

वरच्या अंगाला धुण्याचे आवाज थांबले. एक म्हातारी पदर खोचत आली.

"अगं बया! कोरं घोंगडं धुतोय की ह्यो! आवो, हिकडं या, बगा तरी!"

काठावरच्या मळ्यातून तिचा नवरा आला, खांद्यावर घोंगडे टाकलेला, उंच म्हातारा. त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग पाण्याकडे.

"खळ घालवलीस की रं सगळी," तो म्हणाला. घोंगड्याला चिंचोक्यांची खळ (पेज) देतात, त्याने ते ताठ आणि घट्ट राहते. मी मळ म्हणून काढत होतो ती खळ. "कुटला तू?"

"कोकणातला."

"तरीच!" म्हातारी म्हणाली. तिच्या मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि खरे सांगतो, मलाही हसू फुटले. पण लगेच उद्याची गाडी आठवली.

"आजोबा, हे संध्याकाळपर्यंत वाळेल ना?"

"संध्याकाळ? आता ह्ये चार रोज वाळत न्हाई."

मग मी सगळे सांगितले. पेंढा, शेगडी, सकाळची गाडी, सासूबाईंचे शेपूट. एक वर्ष वाट पाहिली होती, आणि एका दुपारच्या शहाणपणात सगळे पाण्यात घातले.

आम्ही दोघांनी ते पिळले, दोन टोके धरून, आणि मळ्यातल्या कडब्याच्या गंजीवर पसरले. धोंडिबा त्या म्हाताऱ्याचे नाव. मग त्यांनी आपल्या खांद्यावरचे घोंगडे काढले आणि माझ्या हातात दिले.

ते हातात आले आणि मी चकित झालो. जुने लुगडे असावे तसे मऊ. काळा रंग उडून चिंचेच्या सालीसारखा झालेला.

"ह्ये ने. कोरं पोरीला टोचलं असतं. चामडी सोलून निघती तान्हीची. धुतलंस त्ये येडेपनाचं, पर न धुता निजवली असतीस तर रातभर रडली असती."

"आणि तुम्ही?"

"ह्या चार राती माझी वाकळ (गोधडी) हाय त्यांना," म्हातारी म्हणाली. "दोघात एक. म्हातारपनी तेवडंच."

धोंडिबा लाजले, चक्क लाजले, आणि खेकसले, "गप बस की! हे बग, पोरा. तुजं वाळलं की मी पांगरीन. राखनीला जाईन, बैलांमागं फिरंन. थंडी सरंस्तवर त्याची सगळी कुसळं माझ्या अंगाला मोडत्याल. मग तुजं तू ने, माझं मला दे. आमच्यात कोरं घोंगडं आदी म्हाताऱ्याला देत्यात. त्याला टोचत न्हाई."

वर मोटारीचा भोंगा वाजला. मी दोघांच्या पाया पडलो आणि धावलो.

लाट सकाळी आलीच. स्टेशनवर जाताना वाटेतल्या गवतावरचे दव पायांना सुयांसारखे लागत होते. गाडी विजेवरची, तिला धूर नाही, पण डब्यातून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडातून धूर. शेवंती उतरली, तिने "अहो" म्हणून हाक मारली, आणि स्वतःच्या तोंडातला धूर बघून मागे सरली.

"ह्या काय झाला माका?"

"काही नाही. इकडे सगळ्यांनाच होते," मी म्हणालो, जसा काही मी इथलाच. तिच्या पदरातून पोरीला घेतले आणि धोंडिबांच्या घोंगड्यात गुंडाळले. नुसते नाक बाहेर. पोरीने डोळे उघडले, वासाने नाक आक्रसले, शिंकली. मी आणि मेहुणा दोघेही थिजलो. मग तिने एक जांभई दिली आणि झोपून गेली.

खोलीत शेगडीत निखारे लाल होते आणि पारूबाई दारात ओव्याचा शेक घेऊन बसल्या होत्या. "आन हिकडं माझ्या कोकनीला!" शेवंतीने पेंढ्यावर पाय ठेवला आणि दचकली, मग दुसरा ठेवला. "भाताच्या खळ्यात इल्यासारखा वाटता," म्हणाली. थंडी चांगली आठवडाभर राहिली. सकाळी हंड्यातले पाणी हात लावू देत नव्हते, गोठ्यातल्या म्हशींच्या पाठींवर वाफ दिसे. पोरीच्या छातीत एकदाही घरघर झाली नाही. तीन दिवस मेहुण्याने रोज तिच्या पाठीला कान लावून पाहिले, आणि चौथ्या दिवशी एकटाच बोटीला गेला.

शिमग्याच्या सुमारास ऊन कडक झाले, तेव्हा आम्ही तिघे मोटारीने मोशीला गेलो. धोंडिबा मळ्यात होते. खांद्यावर माझे घोंगडे, आता घडीवर घडी बसणारे, मऊ. म्हातारीने पोरीला कमरेवर घेतले आणि ती खाली देईचना. आम्ही अदलाबदल केली. धोंडिबांनी आपले घोंगडे हातात घेतले, सवयीने खांद्यावर टाकणार, तोच थांबले. नाकाशी नेले. पुन्हा नेले.

"दुधाचा वास लागला ह्याला," ते म्हणाले.

शेवंती कानकोंडी झाली. "आमी धुवन दिला असता."

"आँ? न्हाई, न्हाई!" धोंडिबांनी घोंगडे छातीशी धरले. "ह्ये आता धुवायचं न्हाई. आमच्या घरात लई वरसं झाली हा वास येऊन."

परतताना मोटार पुलावर हळू झाली. खाली बाया धुणे धूत होत्या. शेवंतीने माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिले. "उतरतलात? नदी आसा, ऊन आसा. वायच धुवन घेवा."

 मांडीवरच्या घोंगड्याला कडब्याचा, विडीचा, बैलांचा वास येत होता. पोरगी त्यात तोंड खुपसून झोपली होती, भर उन्हात, घामाघूम. काढायला गेलो तर तिने मुठीत घट्ट धरले, म्हणून मी ते तसेच राहू दिले.